नंबर घासलेलं इंजिन

नंबर घासलेलं इंजिन गॅरेजात घ्यायचं नाही, असा आमचा नियम होता. आमच्या ह्यांनी तो चाळीस वर्षं पाळला. मी मोडला, आणि मोडला तो आमच्या मासेवालीसाठी.

मासेवाली म्हणजे कोण ते आधी सांगते. मढची कोळीण. कांदिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी टोपली लावून बसते त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली असतील. सुरुवातीची ओळख सगळी भांडणाची. मी म्हणायचे पापलेट शिळं आहे, ती म्हणायची तुझं नाक शिळं आहे. मग सहा वर्षांपूर्वी ह्यांना झटका आला, उजवा हात गेला, तोंड थोडं वाकडं झालं, तेव्हा ही बाई रोज सकाळी टोपली उघडायच्या आधी जिना चढून वर यायची. ओले बोंबील ठेवायची. "काटा नाय त्याला, मऊ हाय, भरव," म्हणायची नि खाली जायची. असं माणूस दारात उभं राहिलं की नियमबियम जरा बाजूला सरकतात.

हे इंजिन उघडणारे मिस्त्री. मी लग्न होऊन कोकणातून आले तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सुटे भाग डिझेलच्या ट्रेमध्ये धुता धुता शिकले. एकच भाग शंभर वेळा हातातून गेला की डोळे मिटूनही ओळखता येतो, पिठात हात घातला की ज्वारी की तांदूळ ते कळतं तसं. ह्यांचा हात गेल्यावर माझे हात कामाला लागले. ते उशी टाकलेल्या ड्रमवर बसतात. बघतात, ऐकतात, ओरडतात. पाना मी फिरवते. दोघं मिळून एक मिस्त्री म्हणा ना.

तर श्रावण लागून आठवडा झाला होता. श्रावणात तिचं गिऱ्हाईक तसंही निम्मं होतं, त्यामुळे त्या दिवशी टोपली न लावता ती टेम्पोत पुढे बसून आली. मागे तिचा नवरा, आणि जुन्या जाळ्यात गुंडाळून बांधलेलं एक इंजिन. चेनकप्पी लावून खाली उतरवलं. वरपासून खालपर्यंत नवा कोरा हिरवा रंग. इतका ताजा की जाळ्याचे दोर त्याला चिकटले होते.

ह्यांनी डाव्या हाताने खुणावलं, तसं मी ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ठोकळ्याच्या, कडेला फडकं फिरवलं. जिथे कंपनी नंबर ठोकते ती जागा ग्राइंडरने घासून सपाट केली होती. वर रंग.

"परत ने," हे म्हणाले.

"मिस्त्री, ऐकून तर घ्या," तिचा नवरा म्हणाला. त्यांच्या बोटीचं जुनं मशीन पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत उभ्या उभ्या जाम झालं होतं. नारळी पौर्णिमेला आठ दिवस राहिलेले. पौर्णिमेला नारळ दिला की बोटी बाहेर पडतात, आणि ज्याचं मशीन नाही तो किनाऱ्यावर बसून बघतो. भंगार बाजारातून त्याने हे उचललं होतं. विकणारा म्हणाला होता, जुन्या जीपगाडीचं छोटं डिझेल इंजिन आहे, कसली वायरिंग नाही, इलेक्ट्रॉनिक डबा नाही, मारा लाथ नि चालू. छोट्या बोटींना अशी गाड्यांचीच इंजिनं बसवतात बरेच जण. साधी असली म्हणजे झालं, पाण्यात ती दुरुस्त कुठे करणार.

"चोरीचं असेल," हे म्हणाले.

"पावती हाय."

"पावती माझ्या चष्म्याचीही आहे."

इतका वेळ मासेवाली गप्प उभी होती. तिला गप्प बघायची मला सवय नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, नंबर कोणाचा ते मना नको. माझी घरातली दोन माणसं ह्याच्यावर जाणार, हा नि माझा दीर. आतून हे काय हाय, तेवढं सांग. चांगलं हाय म्हणालीस तर जातील. नाय म्हणालीस तर नाय जाणार."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मी म्हटलं, ठेव.

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे कामाचं बोलत होते, बाकी नाही.

अनोळखी इंजिन ओळखायचं तर बाहेरच्या कशावर विश्वास ठेवायचा नाही. वरचं झाकण कुणाचंही कुणालाही बसतं. रंग तर दहा मिनिटांत होतो. मी झाकण काढलं, नि ह्यांनी नाक पुढे केलं. जळक्या तेलाचा वास असतोच, पण ह्याच्यात खाली दुसरा एक वास होता, कपाटात ओला टॉवेल राहून गेला की येतो तसा. बोल्टांची डोकी बघितली. दोघातिघांनी वेगवेगळ्या पान्यांनी कुरतडलेली. एका बोल्टाखाली वॉशर जाड, बाकीच्यांखाली पातळ.

"हे एकदा मेलेलं आहे," हे म्हणाले. "कोणीतरी आत जाऊन आलंय."

"जुनं आहे. जुन्यात कोण ना कोण जाऊन येतंच," मी म्हटलं. मला ते चांगलं निघायला हवं होतं, हे आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

त्या जीपगाडीला दोन इंजिनं यायची, एक छोटं नि एक मोठं. बाहेरून दोन्ही सारखी. आत फरक. पिस्टन ज्या नळीत फिरतो तिची रुंदी म्हणजे बोअर. छोट्याचा नव्वद मिलिमीटर, मोठ्याचा चौऱ्याण्णव. आणि पिस्टन वरून खाली जितका जातो तो स्ट्रोक. छोट्याचा त्र्याऐंशी, मोठ्याचा नव्वद. एवढं माहीत असलं की कुठलं इंजिन ते दहा मिनिटांत कळतं.

मी पुढचं कव्हर काढून टायमिंग गिअरचे दात मोजले, खडूने एकेका दाताला टिकली लावत. छोट्याला असतात तेवढेच भरले. मग नळ्यांना वरून बंद करणारं हेड उचललं. हेड नि ब्लॉकच्या मधे दाबून बसणारं पान म्हणजे गॅस्केट, ते सोलून काढलं तर ते चांगलं जाडजूड निघालं. आमच्या भिंतीवर खिळ्यांना जुनी गॅस्केटं टांगलेली आहेत, शिंप्याकडे ब्लाउजचे नमुने असतात तशी. मी ते काढलेलं गॅस्केट नमुन्यावर धरलं. भोकाला भोक बरोबर. मापाचा व्हर्निअर लावला, बोअर नव्वद. चारही नळ्या नव्वद.

"छोटं आहे," मी म्हटलं. "भंगारवाला खरं बोलला."

"सुई घाल," हे म्हणाले.

सुई म्हणजे माझी स्वेटर विणायची सुई. स्ट्रोक मोजायला मी तीच वापरते. तिच्यावर नेलपॉलिशच्या दोन खुणा आहेत, त्र्याऐंशीला गुलाबी नि नव्वदला लाल. पिस्टन वर असताना सुई टेकवायची, खाली नेऊन परत टेकवायची, मधलं अंतर बघायचं. दोन मिनिटांचं काम. पण माझ्या उभ्या आयुष्यात नव्वदचा बोअर नि त्र्याऐंशीऐवजी दुसरा स्ट्रोक असं एकाच ब्लॉकमध्ये मी बघितलेलं नव्हतं.

"अहो, बोअर नव्वद म्हटल्यावर स्ट्रोक काय वेगळा निघणार आहे? दात जुळले, गॅस्केट जुळलं. आता काय कुंडली काढू?"

"घाल म्हटलं ना."

"घालते नंतर."

घातली नाही. सुई घरी शिवणाच्या डब्यात होती आणि मला वर जायचा कंटाळा आला. एवढंच कारण. दुसरं मोठं काही सांगता आलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्या लाइनमधल्या माणसालाच कळेल, तरी सांगते. पिस्टनच्या माथ्यावर वर्षानुवर्षं जळून जळून काळा थर बसतो, तव्याच्या बुडाला बसतो तसा. त्याच्याखाली कंपनीची खूण असते, बाण नि माप. पण आमच्यात जुन्या चालत्या इंजिनाचा हा थर खरवडत नाहीत. जुनी मंडळी सांगतात की त्या थरानेच फटी बुजलेल्या असतात. तो काढलास तर इंजिनाचा दम जाईल. ह्यांनी मला तसंच शिकवलं होतं आणि ह्यांना त्यांच्या उस्तादाने. चारही पिस्टन मी तसेच काळे ठेवले. माथ्यावर मधोमध एक वाटी असते, ती जरा उथळ वाटली. मी मनात म्हटलं, थराने भरली असेल. वाटी भरायला किती थर लागेल याचा विचार केला नाही.

नवीन गॅस्केट टाकून मी हेड बसवलं. बोल्ट आवळले. इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, कुठे अडकलं नाही. पाण्याचा पाइप लावून चालू केलं. पहिल्या झटक्यात चालू झालं. मासेवालीचा नवरा आला होता, त्याने दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावून नमस्कार केला.

ह्यांनी मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवलं नि मुठीला कान लावला. बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"टिक टिक येतंय."

"टॅपेट सैल आहे. गरम झालं की जाईल."

"टॅपेट असं बोलत नाही." ह्यांना राग आला की ते मालवणीवर येतात. "माका ह्यो आवाज बरो लागणा नाय."

"तुमका कसलो आवाज बरो लागता?" मी म्हटलं. तिचा नवरा हसला. मीही हसले. हे हसले नाहीत.

गरम झाल्यावर आवाज कमी झाला. टेम्पो आला आणि इंजिन मढला गेलं. टेम्पो निघाला तेव्हा मासेवालीने फोन करून विचारलं, "बाय, काय हाय ते?" मी म्हटलं, "छोटं डिझेल आहे. चांगलं आहे. जाऊ देत."

पौर्णिमेच्या दिवशी आमचं गॅरेज बंद असतं. राखीसाठी माझा भाऊ यायचा होता दुपारी, म्हणून सकाळी मी जरा झाडलोट करायला खाली आले. ट्रेमध्ये ते जुनं गॅस्केट तीन दिवस डिझेलमध्ये भिजत पडलं होतं. भिंतीवर त्या मापाचा आमचा नमुना फाटत आला होता. म्हटलं हे स्वच्छ झालं असेल तर टांगून ठेवू. मी ते उचललं, आणि ते माझ्या हातात सुटलं. एकमेकांना चिकटलेले दोन पापड तेलात सुटतात ना, तसं. एक माझ्या हातात राहिलं, एक परत ट्रेमध्ये पडलं.

दोन गॅस्केटं होती. एकावर एक.

मी तिथेच स्टुलावर बसले. बाहेर गल्लीत पोरी नव्या कपड्यांत चालल्या होत्या, कुठेतरी स्पीकर लागला होता. हातात ते भोकाभोकाचं काळं पान घेऊन मी बसले होते आणि एकेक गोष्ट लक्षात येत होती. हौस म्हणून कोणी दोन गॅस्केटं टाकत नाही. हेड वर उचलायला टाकतात. हेड कधी उचलावं लागतं? पिस्टन गरजेपेक्षा वर येत असेल तेव्हा. आणि पिस्टन वर कधी येतो? छोट्या ब्लॉकमध्ये मोठ्या इंजिनाचा क्रँक घातला असेल तर. पिस्टनला वरखाली नेणारा दांडा म्हणजे क्रँक. छोट्याचा मोडला असणार, मोठ्याचा पडून असणार, कोणीतरी जुळवलं. आणि स्ट्रोकमधल्या सात मिलिमीटरच्या फरकातले निम्मे, म्हणजे साडेतीन मिलिमीटर, पिस्टन जास्त वर येतोय म्हटल्यावर काय केलं असेल त्याने? उथळ वाटी डोळ्यांसमोर आली. त्याने पिस्टनचे माथे धातू तासायच्या लेथवर छाटले होते. छाटूनही जे उरलं ते दोन गॅस्केटांनी भागवलं होतं.

आणि मी एकच टाकलं होतं. जी काय दीड मिलिमीटरची जागा त्याने ठेवली होती, ती मी माझ्या हाताने काढून घेतली होती. ती टिक टिक टॅपेटची नव्हती. आत पिस्टन हेडच्या वॉल्व्हला शिवत होता. गॅरेजमध्ये बिनओझ्याचं इंजिन पाच मिनिटं चालवलं तर तो शिवतो फक्त. समुद्रात बोटीचा पंखा पाणी ओढायला लागला, चार तास इंजिन तापलं, की एखाद्या वॉल्व्हचं डोकं तुटून आत पडणार. मग इंजिन जागच्या जागी संपतं. श्रावणातला वारा बोटीला कुठे नेईल ते सांगता येत नाही.

वर जाऊन ह्यांना सांगितलं. त्यांनी दोन्ही गॅस्केटं डाव्या हाताने चाचपली. मला वाटलं आता ऐकवतील. पण त्यांनी शर्ट मागितला.

मासेवालीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तिच्या नवऱ्याचाही तसाच. पौर्णिमेला कोळीवाड्यात फोन कोण ऐकणार, तिथे बँड असतो. ओहोटी लागली की दुपारनंतर बोटी निघणार, हे तिने मला चारदा सांगितलेलं होतं, आनंदाने. मी भावाला कळवलं की नंतर ये. पानापेटी घेतली, सुई घेतली, आणि रिक्षा केली.

मालाडला सुट्टीची गर्दी. मार्वेच्या रस्त्याला लागलो तर समुद्रावर जाणाऱ्यांच्या गाड्यांची रांग. रिक्षावाला म्हणाला, "काका, आज सगळी मुंबई नारळ टाकायला निघाली." हे दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणायचे, "किती वाजले?" मी सांगायचे. आक्साच्या पुढे रस्ता मोकळा झाला तेव्हा अडीच वाजून गेले होते. मी सारखी फोन लावत होते. वाजत होता.

मढला किनाऱ्यावर सगळ्या बोटी सजलेल्या. पताका, झेंडूच्या माळा, केळीचे खांब. तिची बोट जेट्टीच्या टोकाला बांधलेली होती, कारण तिला लवकर निघायचं होतं. मासेवाली हिरव्या नऊवारीत, नाकात नथ, आणि मला बघून तिचा चेहरा फुलला.

"बाय, आलीस? बरं केलंस. बघ तुझं मशीन."

इंजिनाची पूजा झालेली होती. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, वर हार, समोर फोडलेला नारळ. शेजारी फळीवर तिची सासू बसलेली, ऐंशीच्या पुढची, पण आवाज खणखणीत.

मी ह्यांना हात देऊन बोटीवर घेतलं आणि तिथेच सांगितलं. सगळ्यांसमोर. दोन गॅस्केटं काढून दाखवली.

तिच्या नवऱ्याने ऐकून घेतलं. "वैनी, काल चालवून बघितलं. लांबपर्यंत जाऊन आलो. मस्त चाललं."

"टिक टिक येतंय?"

"येतंय थोडं. मशीनला आवाज नसतो काय? बायकोला पण असतो."

"वाढलंय की तेवढंच आहे?" ह्यांनी विचारलं.

"वाढलंय," तो म्हणाला.

"मग मला बघू दे."

"बघायचं म्हणजे उघडायचं," सासू म्हणाली. "पूजा झाली. आता पाना लावायचा नाय. मशीन पहिली फेरी मारून येईल, मग तुला काय करायचं ते कर. आमच्यात असंच हाय."

"आये, त्या फेरीतच काय झालं तर?"

"तूच बसवलंस ना गो? चांगलं हाय म्हणून तूच सांगितलंस ना?"

मी म्हटलं, "हो. मीच सांगितलं. मी चुकले."

शेजारच्या बोटीवर बँजो जोरात चालू होता. मासेवाली माझ्याकडे बघत होती. मी तिची नजर टाळली असती, पण ती तशी टाळू देत नाही. मग तिने खाली वाकून माझी पेटी उघडली. "कुठला लागतो?" म्हणाली. मी बोट दाखवलं. तिने तो पाना उचलून माझ्या हातात ठेवला आणि सासूला म्हणाली, "आये, काय पाप लागायचं ते मना लागू दे."

हेड न काढताही मोजता येतं. वरून इंधन फवारणारं नोझल काढलं की खाली पिस्टनपर्यंत भोक असतं. मी पहिल्या नळीचं नोझल काढलं नि सुई आत सोडली. तिच्या नवऱ्याला म्हटलं, "पुली तू फिरव. तूच बघ." त्याने हळूहळू पुली फिरवली. सुई वर वर आली, थांबली. मी हेडच्या काठाशी तिच्यावर नख धरलं. त्याने परत फिरवली. सुई खाली गेली. गुलाबी खूण काठाशी आली की सुई थांबायला हवी होती, पण ती खूण बुडाली आणि सुई तरी जातच राहिली. लाल खुणेवर टेकली.

"परत," तो म्हणाला. परत केलं. लाल.

"म्हणजे काय?" मासेवालीने विचारलं.

"म्हणजे हे इंजिन छोटंही नाही नि मोठंही नाही," हे म्हणाले. "दोघांचं आहे. असं इंजिन कुठल्या कंपनीने कधी बनवलेलं नाही."

तिच्या नवऱ्याने पुलीवरचा हात काढला. लुंगीला पुसला. मग म्हणाला, "उघडा."

सासू उठली. मला वाटलं आता ही शिव्या घालणार. तिने वाकून झाकणावरचा हार स्वतः काढला, फुटलेल्या नारळाची दोन्ही भकलं उचलली आणि पदरात घेऊन परत फळीवर जाऊन बसली. तोंड समुद्राकडे केलं.

मी बोल्ट सोडत होते, मासेवाली ते नऊवारीच्या ओच्यात गोळा करत होती. तिच्या नवऱ्याने नि दिराने मिळून हेड उचललं. चारही पिस्टनांच्या काळ्या माथ्यावर एकेक चकचकीत खूण होती, नखाच्या चंद्राएवढी. वॉल्व्हची कड जिथे शिवली तिथे थर निघून आतला धातू उघडा पडला होता. तिसऱ्यावर तर नुसती खूण नव्हती, खळगा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा पिस्टनचा थर खरवडला, त्या तिसऱ्याचा. बाण नाही, माप नाही. त्या जागी लेथच्या हत्याराच्या गोल गोल रेघा, बारीक, सारख्या अंतरावर. आणि त्या रेघांना छेदून कडेपर्यंत गेलेली केसासारखी एक चीर.

मासेवालीने त्यावरून बोट फिरवलं. "किती चाललं असतं हे?"

"कालच्याएवढं अजून एकदा," हे म्हणाले. "कदाचित."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. रागावली असती तरी मला चाललं असतं. तिने फक्त ओच्यातले बोल्ट मोजून मला परत दिले.

एव्हाना बोटी निघायला लागल्या होत्या. नारळ पाण्यात पडत होते, फटाके वाजत होते, आणि एकामागून एक इंजिनं चालू होत होती. तिचा नवरा उघड्या ब्लॉकपाशी उकिडवा बसला होता. त्या लेथच्या रेघा बघत. मग म्हणाला, "मिस्त्री, काम किती सफाईचं केलंय."

"हो," हे म्हणाले. "हात बसलेला माणूस आहे. हे त्याचं पहिलं नाही."

"वैनी," तो माझ्याकडे वळला, "तिथं दोन होती."

"कुठे?"

"भंगारवाल्याकडं. शेजारी शेजारी. दोन्ही हिरवी, दोन्हीचा नंबर घासलेला. मी हे घेतलं. दुसरं माझ्यासमोर टेम्पोत चढलं. घेणारा बोटवालाच होता, पंख्याचा शाफ्ट पण सोबत घेऊन चालला होता."

"कुठला होता? गोराईचा? इथला?"

"नाय विचारलं," तो म्हणाला. "घाईत होता. पौर्णिमेच्या आत बसवायचं हाय म्हणत होता."

ते दुसरं इंजिन कुठे गेलं हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. भंगारवाल्याकडे नंतर दोनदा जाऊन आलो. गाळ्याला कुलूप. शेजारी म्हणाले, गावाला गेला.

पण त्या दुपारी मासेवालीने नवऱ्याचं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. ओचा खोचून ती बोटीवरून जेट्टीवर उडी मारून गेली, अगदी टोकाला, जिथून प्रत्येक बोट वळसा घेऊन बाहेर पडते. तिचा आवाज आमच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतो. ती ओरडायला लागली. "मशीन नवीन घेतलं काय रे? हिरवं हाय काय मशीन?" बोट पुढे गेली की दुसरीला. "हिरवं हाय काय?" हे माझ्या शेजारी मान तिरकी करून एकेका इंजिनाचा आवाज ऐकत होते, पण बँजो नि फटाक्यांत त्यांना काही वेगळं काढता येईना. बोटीवरची माणसं तिला बघत होती. सणाची नटलेली बाई जेट्टीच्या टोकावर हात वर करून काहीतरी ओरडतेय, एवढंच त्यांना दिसत होतं. माणसं हसत होती, तिला हात हलवत होती. एकाने तिच्या दिशेने गुलाल उधळला. आणि बोटी जात राहिल्या.